वर्गातला मदत-उपक्रम: गोळा करण्याआधी विचारा

वर्गात पेन्सिली-वह्यांसारख्या वस्तू गोळा करून ज्यांना द्यायच्या आहेत, त्यांच्याकडून आधी यादी मागवा. नाहीतर खोकी भरतात आणि निम्मं सामान त्यांच्या उपयोगाचं नसतं. मुदत दोन आठवड्यांचीच ठेवा. लांबलं की लहान मुलांचा उत्साह ओसरतो.

मोजणी मुलांनाच करू द्या, रोज दहा मिनिटं. दहा पेन्सिली झाल्या की रबर बँड लावून गठ्ठा, उरलेल्या सुट्या, फळ्यावर ताळ्याच्या खुणा (चार उभ्या रेघा, पाचवी त्यांवर आडवी), आठवड्याअखेर चित्रालेख, म्हणजे चित्रांतून संख्या दाखवणारा आलेख. दशक-एकक असं हातात आलं की लवकर पक्कं होतं. तुटक्या पेन्सिली, अर्ध्या लिहिलेल्या वह्याही त्यांनीच वेगळ्या काढाव्यात.

कुणी किती आणलं याचा तक्ता मात्र मुळीच लावू नका. ज्याच्या घरून काही येऊ शकत नाही, ते मूल गप्प होतं. नोंदवहीचं काम त्याच्याकडे द्या.