पराशर मिळेल हो, देवव्रताचे काय?

प्रश्न : फोंड्यात एका हॉलवर सलग तीन संध्याकाळ ‘गुंतता हृदय हे’ची तालीम ऐकू आली. कला अकादमीत डिसेंबरातली तारीख कोणीतरी अडवून ठेवलीय म्हणतात. आमच्या नाट्यवेड्यांच्या ग्रुपवर तर रोज नवी सत्यवती ठरते. हे पद ज्यातले, ते संगीत नाटक ‘मत्स्यगंधा’ खरेच परत येतेय का? तुम्ही सत्यवती केलेली, तुमच्या कानावर काहीतरी असेलच. – एक वाचक, मडगाव

उत्तर : मला कोणाचा फोन नाही. आता आलाच तर सत्यवतीच्या निऱ्या काढून द्यायला येईल, तेवढे वय झाले.

तुमच्या पुराव्यांतला तालमीचा पुरावा मी आधी बाद करते. गोव्यात ‘गुंतता हृदय हे’ ऐकू येणे म्हणजे मिरगात बेडूक ऐकू येणे. चवथीला आरती आटपली की कोणीतरी पेटी पुढे ओढतो आणि तेच सुरू करतो. नाट्यगीतांच्या स्पर्धेत दहा मुलांतली तीन तेच गातात. 1964 साली गोवा हिंदू असोसिएशनने हे नाटक रंगभूमीवर आणले, तेव्हापासून ते पद काही थांबलेले नाही. तारखेचे म्हणाल तर डिसेंबरात कला अकादमीची तारीख अडवायला नाटकच लागते असे नाही.

मी वेगळी खूण बघेन. कोणी देवव्रत, म्हणजे पुढे भीष्म होणारा राजपुत्र, शोधतोय का, ते विचारा.

हसू नका. 1986 पासून बारा-तेरा वर्षे मी जत्रांच्या नाटकांत ‘नटी’ म्हणून जात होते, बरेचसे अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याच्या बाजूला, थोडे बार्देशात. गावची मंडळी दोन महिने तालमी करायची, मी शेवटच्या दोन तालमींना पोचायची आणि तिसऱ्या रात्री देवळापुढच्या मांडवात उभी राहायची. नाटक तेच, सत्यवतीच्या प्रेमात पडणारा पराशर ऋषी मात्र दर गावी नवा. एकदा बँकेतला कॅशियर, एकदा कदंब बसचा कंडक्टर, एका गावात तर प्रत्यक्ष देवळातले भटजी. पण गायला सगळे तयार! ‘नको विसरू संकेत मीलनाचा’ त्यांनी आंघोळ करताना वर्षानुवर्षे घोटलेले असायचे. माझी आणि त्यांची पट्टी जमवता जमवता पायपेटीवाल्याचा जीव जायचा, एवढीच काय ती अडचण.

देवव्रत कसा ठरायचा? ‘तुला गाता येत नाही ना? मग तू देवव्रत.’ झाले.

एका गावात उंचापुरा, व्हॉलीबॉल खेळणारा मुलगा होता. दिसायला राजपुत्र. प्रतिज्ञेच्या प्रसंगाला त्याचे पाठांतर गेले आणि प्रॉम्प्टर जोरात ओरडला. भीष्मप्रतिज्ञा आधी विंगेतून ऐकू आली, मग त्याच्या तोंडून. मांडवभर हशा. माझ्यापायी एका माणसाने राज्य आणि संसार दोन्हींवर पाणी सोडले, आणि लोक पोट धरून हसताहेत! पुढे मला ‘अर्थशून्य भासे मज हा कलह जीवनाचा’ म्हणायचे होते. त्या रात्री ते पद कसे गायले ते माझे मलाच ठाऊक. तोवर अर्धे लोक भजीच्या स्टॉलवर गेले होते, ते एक बरे.

म्हणून सांगते, पराशर निघून गेल्यावर नाटक सत्यवती आणि देवव्रताने ओढायचे असते, आणि ओढायचे असते ते गद्यावर. नाटककार वसंत कानेटकरांची वाक्ये लांब, वळणाची. श्वास कुठे घ्यायचा हे तालमीतच ठरवावे लागते.

तुमच्या ग्रुपवर कोणीतरी म्हणेलच, ‘कट्यार काळजात घुसली’ परत आली की 2010 मध्ये, मग ही का नाही? संगीत दोन्हीकडे जितेंद्र अभिषेकीबुवांचेच, मान्य. पण ‘कट्यार’मध्ये गाणे हाच भांडणाचा विषय आहे. खाँसाहेबांचा गळा मिळाला, आणि तो मूळ खाँसाहेब वसंतराव देशपांडे यांच्या नातवाच्या रूपाने घरातच मिळाला, की निम्मे नाटक उभे राहिले. ‘मत्स्यगंधा’त गळा मिळाला तर फक्त मैफल उभी राहते. मला वाटते, तुम्ही ऐकली ती तालीम मैफलीचीच. तिकीट जरूर काढा, फक्त नाटक बघायला चाललोय असे घरी सांगू नका.

प्रश्न : पराशर गाजवणाऱ्या रामदास कामतांनंतर तो कोणी करावाच का? – एक वाचक, साखळी

उत्तर : साखळीकर हे विचारणारच, कामत तुमच्या गावचे. करावा. पण त्यांच्या ध्वनिमुद्रिकेची हुबेहूब नक्कल करणारा नको. अशा एकाबरोबर मी काम केले आहे. तो खटकाही तिथेच घ्यायचा, श्वासही तिथेच, आणि माझ्याकडे चुकूनसुद्धा बघायचा नाही. होडीत माझ्यासमोर बसून तो कामतांच्या प्रेमात होता.

प्रश्न : आजच्या प्रेक्षकासाठी नाटक दोन तासांत बसवावे काय? – एक वाचक, डिचोली

उत्तर : बसवा. पण कात्री गद्याला लावू नका, वन्समोअरला लावा. अभिषेकीबुवांनी या नाटकाची पदे मुळात आटोपशीर बांधली आहेत. तासभर ताना मारत बसायची जुनी सवय त्यांनीच मोडली. ती आपल्या जत्रांनी पुन्हा लावली. एका पदाला चार वन्समोअर घेतलेले मी पाहिले आहेत, त्यात दोन पराशराच्या मामाचे.

प्रश्न : साथीला वादक परवडत नाहीत. ध्वनिमुद्रित ट्रॅकवर प्रयोग केला तर? – एक हौशी कलाकार, पेडणे

उत्तर : पायपेटी सांभाळणे कठीण हे मला कळते. पावसात तिचे सूर चिकटतात, भात्याला उंदीर लागतात, आमच्याकडे तर श्रावण संपेपर्यंत तिच्या पोटात दिवा पेटता ठेवायचे. पण देवव्रत वाक्य विसरला तर पायपेटीवाला दोन सूर धरून त्याला सावरतो. ट्रॅक पुढे निघून जातो. ट्रॅक लावणार असाल तर मला पास पाठवू नका. तिकीट काढून येईन आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसेन.