सांगलीहून बंगळुरूला: सोळा लाखांतले घरात किती येतात?

ताई, तुमचं पत्र वाचलं. मिस्टरांना कुपवाड एमआयडीसीत वर्षाला ९ लाख ६० हजारांचं पॅकेज आहे आणि बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतून १६ लाखांची ऑफर आलीय, नोव्हेंबरात रुजू व्हायचंय. तुम्ही खासगी शाळेत गणित शिकवता, हातात २२ हजार येतात. मुलगी सातवीत आहे, तिला डॉक्टर व्हायचंय. सांगलीतल्या विश्रामबागच्या फ्लॅटचा हप्ता साडेसोळा हजार, बँकेत साडेतीन लाखांची एफडी, सासू-सासरे मिरजेत त्यांच्या घरी. बंगळुरूत ओळखीचं कुणी नाही, म्हणून जाण्याआधी काय काय विचारून घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. आणि जावं की नाही, हेही.

ऑफर लेटरची प्रत जोडलीत ते बरं केलंत. त्या १६ लाखांत १ लाख ६० हजार ‘व्हेरिएबल’ आहेत, म्हणजे वर्षाअखेरीस मिळाले तर मिळाले. कंपनीचा पीएफमधला वाटा आणि ग्रॅच्युइटीही त्याच १६ लाखांत धरलीय. ते सगळं वजा केलं, मिस्टरांच्या वाट्याचा पीएफ, प्राप्तिकर आणि व्यवसाय कर कापला, की दरमहा हातात साधारण ९५ हजार पडतात. आज त्यांना ६८ हजार मिळतात आणि त्यावर करही नाही, कारण नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही. नव्या पगारावर लागेल. घरभाड्याची वजावट मिळते म्हणून जुन्या प्रणालीत जायचा मोह होईल, पण तुमच्या आकड्यांत त्यातून फारसं काही सुटत नाही.

आता तुमचे २२ हजार धरा. आज घरात ९० हजार येतात. तुम्ही नोकरी सोडून सोबत गेलात तर ९५ हजार. पॅकेज सहा लाख चाळीस हजारांनी वाढलं आणि घरात महिन्याला पाच हजार जास्त आले! पीएफमध्ये वर्षाला ५५-६० हजार जादा पडतील, तेही तुमचेच आहेत. पण त्यातून किराणा येत नाही.

खर्चाची बाजू पाहू. तुम्ही पाहिलेल्या टू बीएचकेचं भाडं ३२ हजार, मेंटेनन्स वेगळा ४ हजार. सांगलीचा फ्लॅट भाड्यानं दिला तर ९ हजार येतील असं तुम्ही म्हणता. म्हणजे भाडं, मेंटेनन्स आणि हप्ता जाऊन संसाराला उरले साडेएक्कावन्न हजार. आज हप्ता जाऊन तुमच्याकडे साडेत्र्याहत्तर हजार उरतात. त्यात शाळेची फी अजून धरलेलीच नाही.

शिवाय पहिल्याच महिन्यात एक मोठा घास जातो. बंगळुरूत डिपॉझिट पाच-सहा महिन्यांच्या भाड्याएवढं मागणं सर्रास चालतं. पूर्वी दहा महिन्यांचं मागत. तुमच्या घरमालकानं सहा सांगितलेत, म्हणजे १ लाख ९२ हजार. एक महिन्याची दलाली आणि पहिलं भाडं मिळवलं की अडीच लाखांच्या वर गेलं. एफडीतले एक लाखही शिल्लक राहत नाहीत, आणि सामानाचा ट्रक अजून सांगलीतच उभा आहे. घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापून घ्यायची तिथं रीत आहे. ती करारात आहे का, आणि दोन-तीन वर्षं राहिलात तरच कापणार की अकरा महिन्यांतही, हे सही करण्याआधी विचारा. घासाघीस होते, संकोच करू नका.

भाड्यापेक्षाही मी पाण्याची चौकशी जास्त करीन. कावेरीचं नळाचं पाणी शहराच्या कडेच्या सगळ्या सोसायट्यांना पुरेसं मिळतं असं नाही. बऱ्याच ठिकाणी बोअर आणि टँकरवर भागवतात. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअर आटले तेव्हा टँकरचे भाव इतके चढले की प्रशासनाला दर ठरवून द्यावे लागले. दलाल ‘पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही’ असंच सांगणार. त्याला सोडा, आणि सोसायटीत राहणाऱ्या एखाद्या भाडेकरूकडे गेल्या एप्रिलची मेंटेनन्सची पावती दाखवायला मागा. पाण्याचा आकार वेगळ्या ओळीत असतो. तो जानेवारीच्या पावतीच्या दुप्पट दिसला तर तुमचे चार हजार हे फक्त हिवाळ्यातले चार हजार आहेत. वॉचमनला टँकर दिवसाला किती येतात ते विचारा. तो खरं सांगतो.

जागा निवडताना ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत आहे हे तुमच्या पथ्यावर पडलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली, ती इलेक्ट्रॉनिक सिटीतून जाते. होसा रोड, सिंगसंद्र, कुडलू गेट या स्टेशनांपासून चालत जाता येईल असं घर मिळालं तर सिल्क बोर्ड चौकातल्या कोंडीशी मिस्टरांचा रोजचा संबंध येणार नाही. व्हाइटफील्डला दोन हजार स्वस्त मिळतंय म्हणून तिकडे जाऊ नका, ते शहराचं दुसरं टोक आहे. फेब्रुवारी २०२५ च्या दरवाढीत मेट्रोचं सर्वांत लांबचं तिकीट ९० रुपये झालं, तेव्हा महिन्याचा प्रवासखर्चही मांडून ठेवा. घर पाहायला रविवारी जाऊ नका. कामाच्या दिवशी सकाळी नऊला तिथून ऑफिसला जाऊन बघू दे त्यांना.

आता ज्या प्रश्नाचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, पण मला सगळ्यात मोठा वाटतो, तो. मुलीला मेडिकलला जायचंय. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून मेडिकलची जागा हवी तर साधारण नियम असा, की अधिवास महाराष्ट्राचा आणि दहावी, बारावी दोन्ही महाराष्ट्रातून. कर्नाटकच्या कोट्यात शिरायचं तर पहिली ते बारावीतली किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेली लागतात. ती आठवीपासून तिथं गेली तर बारावीपर्यंत पाचच वर्षं भरतात. म्हणजे इकडचा कोटा गेला आणि तिकडचा मिळाला नाही. मग उरतो देशभरातला १५ टक्क्यांचा कोटा आणि खासगी, अभिमत विद्यापीठांच्या जागा, ज्यांची फी ऐकून सोळा लाखांचं पॅकेजही लहान वाटेल. दोन्ही राज्यांत काही अपवाद आहेत, नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून महाराष्ट्राची सीईटी सेल आणि कर्नाटकचं परीक्षा प्राधिकरण यांच्या चालू वर्षाच्या माहितीपुस्तिका स्वतः वाचा. इंजिनिअरिंगला पालकांच्या अधिवासावरून इकडे वाट असते, तिथं एवढी अडचण नाही. पण डॉक्टरकी पक्की असेल तर दहावीपर्यंत परत यायचं, की मुलीनं सांगली सोडायचीच नाही, हे आत्ताच घरात बोलून घ्या.

कन्नडचंही शाळेला स्पष्ट विचारा. तिथल्या शाळांत कन्नड शिकावं लागतं. आठवीत नव्यानं येणाऱ्या मुलीला सवलत मिळते का आणि परीक्षेत गुण धरतात का, ते शाळेगणिक वेगळं ऐकायला मिळेल. (जत तालुक्यात कन्नड बोलणारे पाहुणे असतील तर त्यांना हाताशी धरा, निम्मी तयारी सुट्टीत होईल.) तुम्ही गणित शिकवता, बी.एड. आहात; सीबीएसई शाळांत तुम्हाला काम मिळायला हरकत नाही. मात्र मिळेपर्यंत ते हिशोबात धरू नका.

तर माझं मत. ऑफर सोडू नका, पण बिऱ्हाड आत्ता हलवू नका. मिस्टरांनी नोव्हेंबरात एकट्यानं जावं, ऑफिसजवळ जेवणासकट पीजी घ्यावा. पीजी आणि मिरजेपर्यंत राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं येणं-जाणं मिळून मी २० हजार धरतो. तुमचा पगार चालू राहील. ९५ अधिक २२, त्यातून हप्ता आणि हे २० हजार वजा केले की साडेऐंशी हजार उरतात, म्हणजे आजच्यापेक्षा सात हजार जास्त. एफडीला हात लागत नाही, मुलीची सातवी इथंच पुरी होते, आणि मेपर्यंत मिस्टर नोकरीत कायम झाले की नाही तेही कळतं. तेवढ्या वेळात तुम्ही तिकडच्या शाळांत अर्ज करा. तुम्हाला ३० हजारांच्या आसपास काम मिळालं आणि मुलीच्या प्रवेशाचं गणित सुटलं, तर जूनमध्ये सगळे जा. यातलं एक जरी जमलं नाही तर आणखी वर्षभर असंच चालू द्या. दोन घरं चालवणं दमवतं, ते मी नाकारत नाही. पण डिपॉझिटपायी एफडी मोडून परक्या गावात हात रिकामे करून बसणं जास्त वाईट.

बाकीचं थोडक्यात. विश्रामबागचा फ्लॅट पुढे भाड्यानं दिलात तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणी करूनच द्या, ओळखीचा माणूस असला तरी. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीपुरता असतो, तेव्हा तुमची स्वतःची पॉलिसी बंद करू नका. जाल तेव्हा पत्ता बदलल्याचं विमा कंपनीला कळवा, शहरानुसार हप्ता बदलू शकतो. एमएच-१० ची गाडी सध्या सांगलीतच राहू द्या. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथं पुन्हा नोंदणी करावी लागते आणि कर्नाटकचा आजीवन कर देशातल्या चढ्या करांपैकी आहे. महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेला भाग परत मागता येतो, पण आधी तिथं भरायचा आणि मग इथं आरटीओत खेटे घालायचे.

होकार कळवण्याआधी मिस्टरांना कंपनीच्या एचआरला एक ईमेल पाठवायला सांगा. गेल्या वर्षी व्हेरिएबल सरासरी किती टक्के दिलं, प्रोबेशन किती महिन्यांचं, सामान हलवायचा खर्च आणि पहिल्या पंधरा दिवसांचा मुक्काम कंपनी देते का, आणि दिलेले पैसे वर्षाच्या आत नोकरी सोडली तर परत मागणार का. उत्तरं फोनवर आली तर ‘ईमेलवर पाठवाल का’ असं म्हणा. ती आली की मला पाठवा, ९५ हजारांचा आकडा पुन्हा तपासून देतो.