‘स्क्रीम ४’ पहिल्या ‘स्क्रीम’च्या तोडीचा आहे का?

तुम्ही विचारलंय की ‘स्क्रीम’ या मुखवटेवाल्या खुन्याच्या हॉलिवूड भयपट मालिकेचे पहिले तीन भाग कॉलेजात असताना पाहून झालेत, तर अकरा वर्षांनी आलेल्या चौथ्यावर एक रात्र घालवावी का. खुशाल घालवा. घाबरवण्यात तो पहिल्याच्या जवळपासही जात नाही. पण डोकं वापरून काढलेला आहे, आणि २०११ मध्ये वाटला नसेल इतका आज पटतो. माझ्या लेखी या मालिकेत पहिल्यानंतर त्याचाच नंबर.

आधी भीतीचं बघू. १९९६ च्या भागाची सुरुवात आठवत असेलच. ड्रू बॅरीमोर घरात एकटी, शेगडीवर पॉपकॉर्न फुटतायत, फोनवर अनोळखी माणूस लाडीगोडी लावतोय आणि बोलता बोलता त्याचा सूर पालटतो. पोस्टरवरची एवढी मोठी नटी पहिल्याच प्रसंगात गेली, म्हटल्यावर पुढे कोणाचाच भरवसा उरत नाही. चौथ्यात सिनेमात सिनेमा आणि त्याच्यातही सिनेमा. ‘स्टॅब’ ही या सिनेमातल्या जगातली भयपट मालिका. ‘स्टॅब ६’ चालू आहे म्हणावं, तर तो ‘स्टॅब ७’ मधल्या दोघीजणी टीव्हीवर बघत असतात. गंमत वाटते, पण दोनदा गंडल्यावर तिसऱ्यांदा खरोखरचा सुरा निघतो तेव्हा आपण निवांत टेकून बसलेले असतो. शिवाय रात्रीच्या प्रसंगांनाही एक धुरकट चकाकी आहे, लग्नाच्या अल्बमसारखी. अंधार असा नाहीच.

(तसे हे सिनेमे तिकडेच घडायचे म्हणा. ऐसपैस घर, मागे झाडी, शेजारी हाकेच्या पलीकडे. गिरगावात आमच्या चाळीत तो खुनी मुखवटा घालून शिरला असता तर पहिल्याच जिन्यावर कोणीतरी "कोण पाहिजे?" म्हणून हटकलं असतं आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत त्याचं गाव विचारून झालं असतं.)

आता जमेची बाजू. तिसऱ्या भागाची पटकथा पहिले दोन भाग लिहिणाऱ्या केविन विल्यमसनची नव्हती. चौथ्याला तो परत आला आणि संवादांना धार आली. किर्बी नावाच्या मुलीला खुनी फोनवर भयपटांचे प्रश्न विचारतो. रिमेक कुठला, हा त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ती एका दमात नावांची माळ लावते. पहिल्या भागातल्या फोनचीच ही नक्कल आहे, पण इथे पोरगी खेळ ओळखून आहे. तरी तिचा आवाज कापतो. किर्बी झालेल्या हेडन पॅनेटियरने तो प्रसंग खाऊन टाकलाय.

पण खरा ऐवज आहे खुनामागचं कारण. तुम्ही पाहिलेला नाही, म्हणून नावं गाळून सांगते. शेवटाकडे एक पात्र आपणही बळी आहोत असं भासवायला स्वतःच स्वतःला जखमी करतं. मेलेल्याच्या मुठीत आपले केस उपटून ठेवतं, त्याच्याच नखांनी आपला गाल ओरबाडतं, भिंतीवरच्या तसबिरीवर तोंड आपटतं, काचेच्या टेबलावर अंग झोकून देतं. मग सरपटत जाऊन शेजारी पडलेल्या बळीसारखंच पडून राहतं, अगदी हातपायही तसेच. माझी भाची परळला राहते, रीळ करण्यात तिचा अर्धा दिवस जातो. तिने तिथेच पॉज केलं. "मावशी, ही तर पडायच्या आधी फ्रेम बघतेय!" या पात्राचं म्हणणंच ते आहे: हल्ली नाव व्हायला काही करून दाखवावं लागत नाही, आपल्या बाबतीत काहीतरी भयंकर घडलं की पुरे. इन्स्टाग्राम येऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते.

कदाचित म्हणूनच तेव्हा तो चालला नाही. पहिल्याने जगभरात १७ कोटी डॉलरच्या वर कमावले होते, हा १० कोटींच्या आत अडकला. चारही भागांचा दिग्दर्शक वेस क्रेव्हन, त्याचा हा शेवटचा सिनेमा ठरला. २०१५ मध्ये तो गेला.

एक तक्रार मात्र राहतेच. स्ट्रेचर घराबाहेर येतं, कॅमेऱ्यांचे फ्लॅश उडतात, तिथेच संपवायला हवा होता. त्यापुढचा हॉस्पिटलचा भाग वाईट नाही, पण तिथून तो चारचौघांसारखा सिनेमा होतो.

बघायच्या आधी पहिला भाग पुन्हा बघून घ्या, कारण निम्मे टोमणे त्याच्यावरच आहेत. तिसरा आठवत नसला तरी काही अडत नाही.