प्रत्येक रडणं भुकेचं नसतं

अगं, आधी एक मनातून काढून टाक: बाळ रडलं म्हणजे तुझं दूध कमी पडतंय, असं नाही. माझ्या पहिल्या वेळी मी हेच धरून बसले आणि उगाच वरचं दूध सुरू केलं. अंगावरचं आणखी कमी झालं.

रडणं ही भुकेची शेवटची खूण. त्याआधी बाळ ओठ चाटतं, मान वळवून तोंड उघडतं, मूठ चोखतं. तेव्हाच पाजायला घे. फार रडलं असेल तर आधी छातीशी धरून शांत कर, मग पाज.

हात बघ. भुकेलं असताना मुठी घट्ट आवळलेल्या असतात, पोट भरलं की बोटं सैल सुटतात.

- घड्याळ लावू नकोस. 24 तासांत 8 ते 12 वेळा पिणं नेहमीचं.
- संध्याकाळी सारखं मागतं, तेही नेहमीचंच.
- पाचव्या दिवसानंतर दिवसाला 6 तरी लंगोट ओले हवेत.

पिऊनही किरकिरतंय? ढेकर अडली असेल, लंगोट ओला असेल, झोप आली असेल, किंवा नुसती कुशी हवी असेल.

लघवी कमी झाली, बाळ मलूल पडलं किंवा ताप आला, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जा.