अनुदानाचं घर आणि नादारीचा अर्ज

प्रश्न : मी निपाणीजवळच्या खेड्यात राहते, विड्या वळते. विडी कामगारांच्या अनुदानातून माझ्या नावावर घर झालंय. मालकांचा (माझ्या नवऱ्याचा) चहाचा गाडा बंद पडला आणि तीन बायकांच्या गटांतून घेतलेल्या कर्जाचे हप्ते थकले. वसुलीवाला म्हणतो, घराला कुलूप ठोकीन. कोर्टाबाहेर एकानं सांगितलं, मालकांना नादारीचा अर्ज टाकायला लावा, सगळं माफ होतं. पण घर अनुदानाचं, ते सरकारजमा होईल असंही म्हणतात. खरं काय? माझा भाऊ बेळगावात भाड्याच्या खोलीत राहतो, तोही कर्जात आहे. त्याची खोली जाईल का?

उत्तर : ताई, कुलूप ठोकायचा अधिकार त्या माणसाला नाही. त्याला कोर्टात दावा लावावा लागेल, हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा कोर्टाचा आदेश, मिळवावा लागेल, मग जप्तीची गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमांप्रमाणे छोट्या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोनसुद्धा करता येत नाही. जबरी वसुलीविरुद्ध कर्नाटकानं २०२५ साली वेगळा कायदाही केलाय. त्यात १० वर्षांपर्यंत कैद आहे.

आता नादारी, म्हणजे देणं फेडता येत नाही असं कोर्टाकडून ठरवून घेणं. घर तुमचं, आणि गट बायकांचे असल्यामुळे कर्जही बहुधा तुमच्याच नावावर. मग मालकांनी अर्ज टाकून काय होणार? त्यांचं स्वतःचं देणं असेल तर त्याचा निकाल लागेल, तुमचं जागेवरच राहील. कोर्टाबाहेरच्या सल्लागारानं एवढं तरी विचारायला हवं होतं.

तुम्ही स्वतः अर्ज केलात तर? सामान्य माणसाच्या नादारीला आपल्याकडे अजून १९२०चा प्रांतिक नादारी कायदाच चालतो. नवी दिवाळखोरी संहिता २०१६ची, पण तिचा व्यक्तींसाठीचा भाग कंपन्यांच्या जामीनदारांपलीकडे अजून लागू केलेला नाही. त्यामुळे ५०० रुपयांचं देणं फेडता येत नसलं तरी अर्ज करता येतो, अशी १९२०ची रक्कम आजही पुस्तकात आहे! अर्ज जिल्हा न्यायालयात, किंवा सरकारनं तो अधिकार दिलेल्या खालच्या कोर्टात. नादार ठरलात की मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टानं ती सांभाळायला नेमलेल्या माणसाच्या, म्हणजे रिसिव्हरच्या, ताब्यात जाते. पण दिवाणी प्रक्रिया संहितेत जे जप्तीतून सुटतं, ते इथंही सुटतं.

तुमचं सगळं बळ त्या यादीत, म्हणजे कलम ६० मध्ये आहे. शेतकरी, मजूर किंवा घरगुती नोकर स्वतःच्या ज्या घरात राहतो ते घर, घराखालची जागा, मजुराची मजुरी, प्रॉव्हिडंट फंड, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माच्या रीतीनं बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने. म्हणजे विडीची मजुरी सुटली, मंगळसूत्र सुटलं, आणि तुम्ही मजूर ठरलात तर घरही सुटलं. ‘घरावर हक्क सांगणार नाही’ असं कुणी बाँडवर लिहून घेतलं असेल तर भिऊ नका. ही सवलत सोडून देण्याचा करार त्याच कलमानं रद्दबातल ठरतो. आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी बाईला अटक करता येत नाही, ते कलम ५६.

पण घर ‘राहतं’ हवं. आपल्याकडची माणसं अडचण आली की घर भाड्यानं देऊन इचलकरंजीला कामाला जातात. तसं केलंत तर ही सवलत मागणं अवघड होईल. भावाच्या नावावर घर करून द्या, असा सल्लाही कुणीतरी देणारच. करू नका. फुकटात केलेल्या अशा हस्तांतरानंतर दोन वर्षांत अर्ज झाला आणि तुम्ही नादार ठरलात, तर कोर्ट ते मोडू शकतं.

घर गहाण ठेवलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ज्यानं घर गहाण घेतलं, त्याचा हक्क नादारीनं जात नाही. छोट्या गटकर्जाला तारण नसतं, पण तुम्ही आणखी कुठं सही केलीत का, ते पाहा. अनुदानाच्या हुकुमातल्या अटीही वाचून घ्या. कागद कन्नडात असेल तर पंचायतीतल्या कारकुनाकडून ‘बरं बरं’ ऐकून परतू नका, ओळ ओळ वाचायला लावा. घर अनुदानाचं आहे एवढ्याच कारणानं ते सरकारजमा होईल, असं नादारीचा कायदा कुठंही म्हणत नाही.

‘सगळं माफ’ हेही खरं नाही. शेवटी कोर्टानं देण्यातून मुक्तता दिली तरी सरकारचं देणं उरतं, फसवणुकीनं घेतलेलं उरतं, आणि तुमच्याबरोबर बांधलेल्या माणसांची जबाबदारी सुटत नाही. गटातल्या ज्या बायकांनी तुमच्यासाठी सही केली, त्यांच्या दारात तोच वसुलीवाला जाईल. मला विचाराल तर, दावाच लागलेला नसताना हा अर्ज टाकण्यात अर्थ नाही. आधी कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी कळवून हप्ते लांबवून मागा. मालकांना कधी ग्रामपंचायतीला उभं राहायचं असेल तर एवढं सांगा, की नादार ठरलेला माणूस तिथं निवडून येऊ शकत नाही!

भावाचं थोडक्यात. भाडेनियंत्रण कायदा लागू असलेल्या राहत्या घरातला भाडेकरूचा हक्क त्याच कलम ६० खाली जप्त होत नाही. पण अर्ज केल्यानंतर चढणारं भाडं त्याला महिन्याच्या महिन्याला द्यावंच लागेल. घरमालक नादारीचा कागद भाड्यापोटी घेणार नाही.

वकिलाची फी हा प्रश्न असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. १९८७च्या कायद्यानं बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. जाताना तिन्ही गटांची पासबुकं, घराचा उतारा आणि अनुदानाचा हुकूम घेऊन जा.