प्राणवायूचा शोध नेमका कोणी लावला?

मुलीच्या शाळेच्या पुस्तकात प्रिस्टली आणि स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात शील असे नाव दिले आहे, त्यांपैकी खरे कोणते, असे आपण विचारले आहे. दोन्ही नावे खरी आहेत. परंतु फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याचे नाव घेतल्याशिवाय उत्तर अपुरे राहते.

कार्ल शील या स्वीडनमधील औषधविद्येच्या जाणकाराने १७७२ च्या सुमारासच हा वायू मिळवला होता. मात्र त्याचे पुस्तक छापून निघायला १७७७ उजाडले. दरम्यान १ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टलीने मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचे तांबडे भस्म तापवले आणि त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळताना पाहिली. पुढच्या वर्षी त्याने त्या वायूत उंदीर ठेवला. तेवढ्याच साध्या हवेत तो पाव तास जगला असता. येथे त्याने अर्धा तास काढला, आणि मेल्यासारखा दिसणारा तो गारठलेला जीव विस्तवाजवळ धरताच पुन्हा हालचाल करू लागला. प्रिस्टलीची माहिती चटकन प्रसिद्ध झाली, म्हणून श्रेय बहुधा त्याला मिळते.

मला स्वतःला मात्र सर्वांत मोलाचा वाटतो तो लाव्हाझिएचा तराजू. जळताना पदार्थातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे द्रव्य बाहेर पडते, असे शील आणि प्रिस्टली दोघेही मानत होते. लाव्हाझिएने ५० घनइंच हवेच्या सान्निध्यात पारा १२ दिवस तापवला. हवा ४२-४३ घनइंच उरली, तीत जळती मेणबत्ती विझली, आणि पाऱ्यावर तांबडे भस्म जमले. ते ४५ ग्रेन (वजनाचे एक जुने, लहान माप) भस्म वेगळे काढून अधिक तापवल्यावर ४१.५ ग्रेन पारा आणि ७-८ घनइंच वायू परत मिळाला. म्हणजे पाऱ्यातून काही निघून गेले नव्हते; हवेतलेच काहीतरी त्याला येऊन मिळाले होते, आणि नाहीशी झालेली हवा जवळजवळ तितकीच परत आली होती. वर्गात हे आकडे फळ्यावर मांडले की मुले वजाबाकी करून वायूचे वजन स्वतःच काढतात, आणि ज्वलनाबद्दल वेगळे सांगावे लागत नाही.

‘ऑक्सिजन’ म्हणजे आम्ल निर्माण करणारा, हे नावही लाव्हाझिएनेच दिलेले. प्रत्येक आम्लात हा वायू असतो, ही त्यामागची समजूत मात्र पुढे चुकीची ठरली. आणि प्रिस्टलीने १८०४ मध्ये अमेरिकेत देह ठेवला, तोवर फ्लॉजिस्टनची बाजू सोडली नाही.