देवबागच्या होमस्टेची साइट आहे, स्क्रिप्ट चालत नाही, तर मोबाइलवर तीन रेघांचा मेनू कसा करू?

प्रश्न वाचून हसू आलं, कारण मावशीच्या तारकर्लीच्या होमस्टेची साइट केली तेव्हा मी हेच शोधत होतो. तुम्ही म्हणताय पाच पानं आहेत, साइट जिथे ठेवलीय तिथे जावास्क्रिप्ट टाकू देत नाहीत आणि फोनवर वरची लिंकांची ओळ स्क्रीनच्या बाहेर पळते. होतं हो, नुसत्या एचटीएमएल आणि सीएसएसवर होतं, आणि एक सोडून चार-पाच रस्ते आहेत. मी आत्ता कुडाळ स्टेशनवर बसलोय, गाडी लेट, फोनवरून लिहितोय त्यामुळे कोड टाकत नाही, तोंडीच सांगतो, टॅगची नावं कळली की पुढचं तुम्ही कराल.

आधी हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान फोनच्या रुंदीत आखा असं ब्राउझरला सांगणारी ओळ) आहे का ते बघा. तो नसला की फोन तुमचं पान डेस्कटॉपचं समजून आखतो (आयफोनच्या सफारीत ९८० पिक्सेल रुंद धरून) आणि मग बारीक करून दाखवतो, म्हणजे तुमच्या मीडिया क्वेऱ्या (स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे लागणारे सीएसएसचे नियम) लागतच नाहीत आणि आपण उगाच मेनूला शिव्या घालत बसतो.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे डिटेल्स आणि समरी हे दोन टॅग. नॅवच्या आत डिटेल्स, त्यात पहिलं समरी, त्यात बटणावर हवा तो शब्द, आणि खाली लिंकांची यादी. संपलं. उघडझाप ब्राउझर स्वतः करतो, कीबोर्डवर एंटर-स्पेस चालतं, स्क्रीन रीडर (न दिसणाऱ्यांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडं आहे का मिटलेलं ते बोलून दाखवतो, हे सगळं फुकट. क्रोमला २०११ पासून येतं, फायरफॉक्सला २०१६ पासून, एज तेवढं २०२० पर्यंत रेंगाळलं, म्हणजे आजच्या कुठल्याही फोनवर चालेल. समरीच्या बाजूचा छोटा त्रिकोण नको असेल तर लिस्ट-स्टाइल नन द्या, जुन्या सफारीसाठी वेबकिट-डिटेल्स-मार्करला डिस्प्ले नन. डिटेल्सला पोझिशन रिलेटिव्ह, यादीला अ‍ॅब्सोल्यूट आणि टॉप १०० टक्के, आणि यादीला बॅकग्राउंड रंग द्यायला विसरू नका, मी विसरलो होतो आणि लिंका थेट सुरमईच्या फोटोवर तरंगत होत्या.

पण इथे एक मेख आहे. कॉम्प्युटरवर तुम्हाला मेनू आडव्या ओळीत कायम उघडा हवा असणार, आणि मिटलेलं डिटेल्स सीएसएसने उघडत नाही. आतल्या यादीला कितीही डिस्प्ले फ्लेक्स द्या, ढिम्म हलत नाही, कारण लपवतो तो यादीच्या बाहेरचा ब्राउझरचा स्वतःचा डबा, यादी नव्हे. त्या डब्याला हात लावायला डिटेल्स-कंटेंट नावाचा स्यूडो-एलिमेंट (टॅगच्या आतला भाग सीएसएसमध्ये पकडायचं नाव) आता आलाय पण अगदी नव्या ब्राउझरांतच. मी यात एक अख्खी रात्र घालवली, वर पाऊस, लाइट दोनदा गेली, शेवटी पहाटे कळलं की चूक माझी नव्हतीच.

म्हणून दोन्हीकडे वेगळं दिसायला हवं असेल तर चेकबॉक्सची जुनी युक्ती. एक चेकबॉक्स, त्याला जोडलेलं लेबल (हेच तुमचं बटण) आणि त्यानंतर यादी. यादी एरवी डिस्प्ले नन, चेकबॉक्स चेक्ड झाला की टिल्डच्या (~) चिन्हाने पुढची यादी गाठून डिस्प्ले ब्लॉक. मोठ्या स्क्रीनच्या मीडिया क्वेरीत लेबल आणि चेकबॉक्स दोन्ही गायब आणि यादी फ्लेक्स. लोक अडकतात ते क्रमावर. टिल्डला फक्त धाकटी भावंडं दिसतात, थोरली नाहीत, चुलत तर नाहीतच, त्यामुळे चेकबॉक्स आणि यादी एकाच बापाच्या पोटी हवेत आणि चेकबॉक्स आधी. (सीएसएसचा :has सिलेक्टर वापरलात तर ही अट जाते, पण तो फायरफॉक्समध्ये २०२३ च्या डिसेंबरात आला.) चेकबॉक्सला डिस्प्ले नन देऊ नका, तसं केलं की कीबोर्डवाल्याला तो सापडतच नाही, ओपॅसिटी शून्य करून लेबलाखाली दडवा आणि फोकस आला की लेबलाभोवती रेघ दाखवा. आणि फायरफॉक्स रीलोड केल्यावर टिक लक्षात ठेवतो, पान उघडलं की मेनू आ वासून तयार, त्यावर इनपुटला ऑटोकंप्लीट ऑफ लिहा. मला ही युक्ती मनापासून आवडत नाही कारण स्क्रीन रीडर त्याला चेकबॉक्सच म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं आपण कसल्या तरी फॉर्मवर टिक करतोय. पण काम करते.

नव्यातला पॉपओव्हर (बटण दाबलं की पानावर तरंगत उघडणारा डबा) मला जास्त पटतो. यादीला आयडी आणि पॉपओव्हर अ‍ॅट्रिब्यूट, बटणाला पॉपओव्हरटार्गेटमध्ये तोच आयडी. बाहेर कुठेही टॅप केलं की मिटतो, ही सोय वरच्या दोघांत नाही. क्रोम आणि सफारीत २०२३, फायरफॉक्सात २०२४, आणि आयफोनवर बाहेर टॅप करून मिटत नव्हता तो बग सफारी १८.३ मध्ये गेला. जुन्या फोनला पॉपओव्हर कळलाच नाही तर यादी सरळ उघडी दिसते, गिऱ्हाईक अडत नाही. मोठ्या स्क्रीनवर डिस्प्ले फ्लेक्स आणि पोझिशन स्टॅटिक दिलं की ओळ होते, ब्राउझरने दिलेली बॉर्डर आणि मार्जिन तेवढी काढा.

टार्गेटवाला प्रकारही वाचायला मिळेल, लिंक हॅशवर (त्याच पानावरच्या # आणि आयडीच्या पत्त्यावर) जाते आणि सीएसएस यादी उघडतं. त्यात प्रत्येक उघडझाप हिस्टरीत चढते, मेनूशी दोन-तीनदा खेळलेला पाहुणा बॅक दाबत बसतो. हॅशवरचा मला आवडतो तो त्याहून साधा: मेनू पानाच्या तळाला कायम उघडा ठेवायचा आणि वरच्या बटणाने नुसती खाली उडी मारायची. सीएसएस लोड झालं नाही तरी चालतं, आणि देवबागला टोकाकडे संगमाजवळ रेंजची काय अवस्था असते ते तुम्ही मला सांगायला नको.

होव्हरवर, म्हणजे माउस नुसता वर नेला की, उघडणारा मेनू मात्र करूच नका, बोटाला होव्हर नसतो.

आता खरं काय केलं ते सांगतो. मी मोठ्या हौसेने डिटेल्सवाला मेनू बसवला, वर तीन रेघांचं चिन्ह आणि बाजूला "मेनू" हा शब्द. ते चिन्ह १९८१ च्या झेरॉक्स स्टार कॉम्प्युटरवरून आलंय, नॉर्म कॉक्सने काढलेलं, हे सगळं मी मावशीला समजावून सांगितलं. ती फोन हातात घेऊन म्हणाली, "अरे ह्यो तीन रेघो कसल्यो?" आठवड्याने तिचाच फोन, लोक "मेनू" दाबतायत, त्यांना वाटतंय आत थाळीचे रेट आहेत, आणि उघडतं "आमच्याबद्दल". जेवण देणाऱ्या घराच्या साइटवर "मेनू" म्हणजे जेवणच, हे मला कोकणात जन्माला येऊन सुचलं नाही.

तेव्हा पाच पानांसाठी माझं मत विचाराल तर लपवूच नका. खोल्या, जेवण, फोटो, रस्ता, संपर्क, एवढे छोटे शब्द ३६० पिक्सेलच्या फोनवर दोन ओळींत आरामात बसतात, यादीला डिस्प्ले फ्लेक्स आणि फ्लेक्स-रॅप, बास. प्रत्येक लिंकची उंची ४४ ते ४८ पिक्सेल होईल इतकं पॅडिंग द्या, ओल्या बोटाने दाबलं तरी लागलं पाहिजे. लाइन-हाइट १.६ च्या आसपास ठेवा, इंग्रजीच्या हिशोबाने १.२ ठेवून वर ओव्हरफ्लो हिडन असेल तर आपल्या वेलांट्या आणि उकार छाटले जातात. उद्या स्कुबा, डॉल्फिन वगैरे धरून दहा पानं झाली तर मग पॉपओव्हर, आणि बटणावर "पानं" नाहीतर "साइटवर काय आहे" असं काहीतरी लिहा.

फोन नंबर कुठल्याही मेनूत टाकू नका, वरच ठेवा, टेलची (tel:) लिंक करून, म्हणजे दाबलं की थेट फोन लागतो. मावशीच्या साइटवर शेवटी तेवढंच दाबतात लोक. गाडीची अनाउन्समेंट झाली, यादी कुठे अडली तर खाली विचारा, कणकवलीनंतर रेंज आली की बघतो.